डाव्या कोपऱ्याची साखळी

१२ जाने., सोम.
कबड्डीची फायनल रविवारी, पनवेलच्या मैदानावर. समोर पुन्हा नेरे. गेल्या आठवड्यात गटातल्या सामन्यात त्यांच्याशीच हरलो, शेवटच्या चढाईवर. सायली डाव्या कोपऱ्यात, दर्शना तिच्या शेजारी, दोघींची हातात हात धरून साखळी. चढाईवाली आत शिरली, साखळी आवळायची वेळ आली आणि सायलीचा हात सुटला. दर्शना एकटीच अंगावर गेली, रेषेपर्यंत फरफटत.
नेरे सायलीच्या मामाचं गाव. मामा पुढच्याच रांगेत होता.
तोंडावर कोणी काही बोलत नाही, पाठीमागे कुजबूज. सरावाला दोघी हात धरतात, पण नुसत्या बोटांनी.
कॅप्टन मी. काहीतरी केलं पाहिजे.

१३, मंगळ.
आमचे कोच नामदेवदादा म्हणतात, "तिला बाहेर बसव, विषय संपला."
दादा, बाहेर बसवली तर लोकांचं खरं ठरेल.
"ठरू दे. मला रविवारी पकड पायजे."
बी.ए.ला संघभावनेवर आख्खं प्रकरण होतं. मनात साचलेलं उघड बोललं की विश्वास वाढतो. उद्या संक्रांत. तिळगूळ द्यायचा आणि प्रत्येकीने मनातलं एक खरं सांगायचं. कल्पना मला फार आवडली. आईला सांगितली. ती लाडू वळत होती. "संक्रांतीला गोड बोलतात, बाय. तू शिकलीस म्हणून सण बदलणार काय?"

१४, बुध.
नको होतं करायला.
सुरुवात हसतखेळत. रेश्मा, आमच्यातली सगळ्यात लहान, मला म्हणाली, "ताई, तू लय लेक्चर देतेस." सगळ्या हसल्या, मीही. मग दर्शनाची पाळी. तिने लाडू सायलीच्या हातावर ठेवला नि म्हणाली, "तू मामाच्या गावासाठी हात सोडलास."
सायलीने लाडू खाली ठेवला, सावकाश. चप्पल घातली. गेली.
इतके दिवस नुसती कुजबूज होती. आता सगळ्यांसमोर बोललं गेलं, आणि बोलायला जागा मी करून दिली.
दादा: "आता काय करायचं ते पण लिव्हलंय का पुस्तकात?"
नाही लिहिलेलं.

१५, गुरु.
सायली सरावाला नाही. फोन बंद. संध्याकाळी तिच्या घरी गेले. तिच्या आईने पाणी दिलं, बस म्हटलं नाही. सायली भाकऱ्या थापत होती. मी माफी मागितली.
"माफी नको. इचारायचं ते इचार."
विचारलं. सुटला की सोडलास?
तिने तव्यावरची भाकरी उलटली. "मला नाय माहीत, ताई. मामा दिसला. मग हातात हात नव्हता."
मला हो किंवा नाही हवं होतं. चिडलेच. पण आता लिहिताना वाटतंय, खोटं बोलायचं असतं तर 'घाम होता' म्हणणं किती सोपं होतं.
निघताना म्हटलं, रविवारी ये.
"माझा हात धरील कोण?"
मी धरीन म्हटलं. विचार न करता.

१६, शुक्र.
आली. दर्शनाला बाजूला घेऊन सायली काय म्हणाली ते सांगितलं (सायलीला विचारूनच), आणि म्हटलं, तू माझ्या जागी जा, तिच्याशेजारी मी उभी राहते.
"कोपऱ्याशेजारी तुला काय जमतं? मीच धरते."
मला भरून आलं. क्षणभरच. तिने सायलीचा पंजा धरला नाही. मनगट धरलं. "आता बघू कशी सोडते."
सायलीने पाय रोवले.
आणि पकडी लागल्या, एकामागून एक. दादा खूश. "बघ. झाली का नाय टीम?"

१७, शनि.
आजही मनगट, आजही पकडी. सायलीच्या हातावर लाल वळ. चढाईवाली उलट्या बाजूने आली की सायलीला स्वतःचं पाऊल मागे घेता येत नाही, दर्शना ओढेल तिकडे जाते. एकदा तशीच ओढली गेली नि बाद झाली. दादा म्हणाले, एखादी गेली तर चालेल.
बाहेरून बघणाऱ्याला साखळी पूर्वीपेक्षा घट्ट वाटेल. मला बघवत नाही. पण पंजा धरायला लावला आणि पुन्हा सुटला, तर सायलीला गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही.
तिलाच विचारलं.
"राहू दे, ताई. असंच बरं हाय. सुटला तर माझं नाव नाय."
जिंकलो तरी हे असंच ठेवायचं? आणि हरलो तर...

१८, रवि., सकाळी
टेम्पोची वाट बघतोय. मामा येणार आहे, सायलीच म्हणाली.
देवळाच्या पायरीवर दर्शना बुटाच्या नाड्या बांधत होती. म्हटलं, आज पंजा धर.
"दादा बोलले?"
मी बोलतेय.
"नि सुटला तर?"
तर सुटला.
"लोकं तुला पण सोडणार नाय."
माहीत आहे.
बांधलेली नाडी तिने सोडली, पुन्हा बांधली. हो म्हणाली नाही.
सायली पलीकडे उभी, मनगटाला पट्टी गुंडाळतेय, जाड, दोन पदरी. तिला मी अजून काही सांगितलेलं नाही.
टेम्पो आला.