विरळणी

२ ऑक्टोबर २००६, सोमवार

आला एकदाचा संसार एका छपराखाली! लग्नाला दोन वर्षं झाली. पण नकुल रेडमंडला सॉफ्टवेअरमध्ये आणि मी ऑरेगनमध्ये वनशास्त्र शिकायला, त्यामुळे सगळा संसार फोनवरच. आता मला रेडमंडच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी, एका संशोधनाच्या जंगलात नोकरी लागली आणि नोकरीबरोबर हे लाकडी घरही मिळालं. नकुलला ऑफिसला जायला तासभर लागेल. तो म्हणाला, रोज ड्राइव्ह करीन यार, पण आता वेगळं राहणं बास. पलंग एकाच माणसाच्या मापाचा आहे. आमची काही तक्रार नाही.

जंगल सांभाळणारा डेल किल्ली द्यायला आला होता. साठीचा, मोजकं बोलणारा. त्याच्याबरोबर दोन कुत्रे, एक पांढरा, एक भुरा. दोघं इतके चिकटून बसतात की कुठली शेपटी कोणाची तेच कळत नाही.

७ ऑक्टोबर, शनिवार

नकुलला जंगल दाखवलं. आई परसात मुळ्याची दाटलेली रोपं उपटून टाकायची, तीच ही विरळणी, फक्त झाडं शंभर फुटी. इथलं सगळं जंगल एकाच वर्षी लावलेल्या डग्लस फरचं, म्हणजे देवदारासारख्या सुईपानी झाडांचं. एका भागात विरळणी केलीय. तिथे राहिलेली झाडं चांगली जाडजूड झालीत, शेंडे रुंद, खाली नेचे, बोरीसारखी झुडपं, हेमलॉक झाडांची पोरंसोरं, पक्षी. आमच्या घरामागचा भाग मात्र तुलनेसाठी मुद्दाम तसाच ठेवलाय. तिथे भरदुपारी अंधार. झाडं काठीसारखी बारीक, खालच्या फांद्या वाळलेल्या, हिरवं काय ते टोकाला. जमिनीवर गळलेली सुईपानं सोडून काही नाही.

नकुलला तोडलेल्या झाडांची दया आली. मी म्हटलं, अरे, एकाला जगवायचं तर शेजारच्याला जावंच लागतं. किती शहाणी मी!

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

घरामागच्या दाट भागात काही झाडांवर, छातीच्या उंचीवर, निळी कडी दिसली. तिथे कुणी कुऱ्हाडसुद्धा न्यायची नाही असा नियम आहे. ऑरेगनमध्ये तोडायच्या झाडांना आम्ही अशीच निळी खूण करायचो, म्हणून डेलला विचारलं. तो उलट माझ्यावरच उखडला. त्याला वाटलं हा माझाच उद्योग. कड्याला रंगाचा वास नाही. नखाने खरवडलं तर सालीच्या आतही निळंच.

डेलच्या पांढऱ्या कुत्र्याच्या पुढच्या पायालाही तसंच कडं आहे. मी हसले. डेल हसला नाही.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

मागची झाडं कमी झालीत. बुंधे नाहीत, भुसा नाही, जमिनीत खड्डेही नाहीत. जिथे अंधार होता तिथे ऊन पडलंय.

डेलचा एक कुत्रा नाहीसा झाला. फोनवर त्याचा आवाज फुटत होता. कुठला, हे मी विचारलंही नाही. खूण कुणाला होती हे मला माहीत होतं.

मला इथे भीती वाटते. नकुलला सांगितलं तर म्हणाला, दिवाळी होऊ दे, मग दुसरं घर बघू.

२० ऑक्टोबर, शुक्रवार

नकुलच्या दंडाला निळं कडं.

तो म्हणतो, तुझ्याच कामावरच्या रंगाच्या डब्याचं लागलं असेल. साबणाने गेलं नाही. मी त्याला आत्ताच्या आत्ता निघू म्हटलं. धुक्यात रस्ता दिसत नाही, उद्या बघू म्हणाला.

२१ ऑक्टोबर, शनिवार

गेलं! गेलं एकदाचं!

पंचांगात काय असेल ते असो, आमचं अभ्यंगस्नान आज सुट्टीच्या दिवशी. त्याला पाटावर बसवून दंडाला कोमट तेल जिरवलं, मग आईने पाठवलेलं उटणं खसाखसा घासलं. तो ओरडत होता, अगं, साल काढतेस का माझी! आणि ते कडं सुटलं, निळ्या पाण्याचा ओघळ होऊन मोरीतून गेलं. मी रडले. त्याने मला लाडू भरवला. आता मरणाला भ्यायचं कारण नाही.

२२ ऑक्टोबर, रविवार

डेल आला होता. गाडीत कुत्रा होता.

पांढरा. पायात निळं कडं. अंगाने भरलेला, तुकतुकीत.

गेला तो भुरा.

मी मागे धावले. निळ्या कड्यांची झाडं सगळी जागच्या जागी उभी आहेत. गेली ती त्यांना खेटून असलेली, बिनखुणेची. थोडीच झाडं राखायची असतील तर राखायच्यांनाच खूण करतात, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. मी! करायला गेले एक आणि —

राखायचा होता तो नकुल. जायचं होतं मला. आणि मी माझ्या हातांनी घासून —

त्याला जबरदस्तीने रेडमंडला, त्याच्या ऑफिसातल्या राजीवकडे पाठवलं. लांब राहिला तर वाचेल. लांबच्यांना कोणी काढत नाही. माझ्याजवळ येऊ नकोस म्हटलं. तो दुखावला. असू दे. जिवंत तर राहील.

संध्याकाळी बाही वर केली. माझ्या दंडाला —

२३ ऑक्टोबर

तेल संपलं. उटणं संपलं. दंडाची कातडी सोलली. खालीही निळंच.

नकुलचा फोन. म्हणाला, आज पाडवा आहे यार, पाडव्याला कोणी बायकोवर रुसतं का. मी ओरडले, येऊ नकोस, पाया पडते तुझ्या. त्याला वाटलं मी एकटी असल्यामुळे घाबरलेय. तो निघालाय. आता फोन लागत नाही —

दाराला कडी लावली. त्याच्याकडे किल्ली आहे.

आला. ओवाळ म्हणतोय. मी कोपऱ्यात, तो समोर — सरक म्हटलं, लांब सरक — तो जवळच येतोय, माझा हात धरून बसलाय, म्हणतो मी आहे ना —

बाहेर ढग आहेत. ऊन कुठून येतंय —

त्याच्या खांद्यातून पलीकडची खिडकी दिसतेय. नकुल, हात सोडू न —

हातात काही नाही. घरात केवढा उजेड आणि केवढी ऐसपैस जागा