तुझ्या पायांना ओल कळायची

प्रिय बा,

हे पत्र तुला पोचणार नाही, हे मला ठाऊक आहे. तू गेलास त्याला सात वर्षं झाली. मेलेला माणूस वाचत नाही, हे मी या गावात इतक्यांदा सांगितलं आहे की पोरंसोरंही माझी नक्कल करतात. तरी लिहितो. दुकानात पंपाची जळालेली मोटार उघडली की आधी जुन्या तारेचे वेढे मोजून वहीत उतरवावे लागतात, नाहीतर नवी तार भरता येत नाही. आज माझं तसंच झालं आहे. कुठे काय जळलं ते लिहून काढल्याशिवाय उद्या सकाळी गावासमोर तोंड उघडता येणार नाही. आणि जे जळलं, त्यात तू आहेस.

तलावाच्या पाळीतून पाणी येतंय, बा.

बायजा काकीच्या घरामागे, पाळीच्या अगदी पायथ्याला. सोमवारी बोटाएवढी धार होती आणि पाणी नितळ होतं, म्हणून मी घाबरलो नाही. मातीची पाळ थोडा घाम गाळतेच. पण मंगळवारपासून रोज सकाळी सातला एक काचेची बाटली भरून दुकानाच्या खिडकीत ठेवतो आहे. पहिलीच्या तळाशी काही नाही. आजच्या चौथीच्या तळाशी अर्धं बोट गाळ बसला आहे. पिवळा, मऊ. तो गाळ म्हणजे पाळच की! ती आतून पोखरत चालली आहे आणि वरून पाहावं तर गवत हिरवंगार.

तलाव तुडुंब भरला आहे. धानाची रोवणी आटोपली, बांध्यांमध्ये पाणी, वर आभाळ उघडत नाही. गेट काल मीच उघडलं, पण त्याचा स्क्रू चार बोटांवर अडकतो. जेवढं जातं तेवढं वरून येतं. तालुक्याला फोन लावला, तर "सोमवारी माणूस पाठवतो" म्हणाले. आज शुक्रवार. पाळीखाली सत्तावीस घरं आहेत आणि एकशे अठरा माणसं. दारोदार जाऊन मोजली. पाळीच्या त्या टोकाला रोज संध्याकाळी बगळे उतरायचे, ते तीन दिवसांपासून उतरत नाहीत. त्याचा काही अर्थ आहे असं मी म्हणणार नाही. पण मी पाहिलं, म्हणून लिहिलं.

आता तुझ्याकडे येतो. टाळत होतो.

मिरगाच्या आधीचा मंगळवार आठवतो ना? घरात माणसं जितकी तितकी टोपली माती पाळमायला, पाळ राखणाऱ्या देवीला. तान्ह्या लेकराच्या नावाचंही टोपलं! माती टेकडीमागच्या खड्ड्यातलीच पाहिजे. तिचा ओला गोळा करून पाळमायच्या दगडावर टाकायचा. फुटला तर मायनं नाकारली, टोपलं परत. न फुटला तर ओत. मग बायांनी गाणी म्हणत अनवाणी तुडवायची आणि शेवटी साऱ्या गावची ढोरं त्यावरून न्यायची.

आणि कुठे ओतायची, ते तू सांगायचास. आदल्या दिवशी तुझ्या अंगात यायचं. डोळे मिटून, अनवाणी, पाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तू घुमत चालायचास. मध्येच कुठेतरी पाय थांबायचे. "यंदा मायचं मन इथं हाय."

दरवर्षी मन वेगळ्या जागी! त्यावर मी किती हसलो होतो. दहावी नापास माणूस मी, पण पुस्तकं मागून मागून वाचली, मोटारी भरायचं काम कुणी न शिकवता शिकलो. एकतीस वर्षांचा होतो आणि मला वाटायचं, जगातली प्रत्येक गोष्ट उघडून पाहिली की आत तांब्याची तार निघते, दुसरं काही नाही. देव नाही, हे मला कळलं होतं. ते बरोबरच होतं, बा. आजही एक शब्द मागे घेत नाही. पण ते कळल्याचा मला जो माज चढला होता, त्याचं काय?

त्या वर्षी तू घुमत येत होतास आणि मी पाळीवर आडवा उभा राहिलो. सगळा गाव पाहत होता. मूठ पुढे केली आणि म्हणालो, "माय आली असेल तर तिला सांगू दे, माझ्या मुठीत काय आहे."

बेअरिंगची एक गोळी होती. एवढीशी.

तू डोळे उघडलेस. मुठीकडे पाहिलंच नाहीस, माझ्याकडे पाहिलंस. मागे कुणीतरी फिसकन हसलं. मग तू इतक्या हळू म्हणालास की पुढच्या चार जणांनाच ऐकू गेलं, "माय गेली." आणि घरी निघून गेलास. पुन्हा तुझ्या अंगात कधी आलं नाही.

पुढच्या मिरगाला लोकांनी वाटेल तिथे टोपली रिकामी केली. त्याच्या पुढच्या वर्षी निम्मी घरं आली. मग कुणीच नाही. माझा विजय! मी नागपूरच्या मित्राला पत्रातून तो कळवलासुद्धा. तू मात्र मरेपर्यंत दर मिरगाला एकटाच एक टोपलं घेऊन जात राहिलास आणि मी दुकानातून ओरडायचो, "एका टोपल्यानं काय होते गा, बा?" तू वळायचा नाहीस.

का बोलला नाहीस? इतकं तरी विचारू दे. एकदा, एकाच संध्याकाळी मला बसवून सांगितलं असतंस तर?

मला परवा बायजा काकीनं सांगितलं. मी तिच्या परसात गुडघ्यावर बसून धार मोजत होतो. म्हातारी ओसरीवर तांदूळ निवडत होती.

"तुया बा असता तं आतापावतर मायले इथं आनून उभी केली असती," ती म्हणाली.

"काकी, तुमीही सुरू झाल्या का?"

"आयकून तं घे, शहाण्या! उनाळ्यात माया आंगनात कोनत्या बाजूले ओल हाय, थे मी तुया बाले सांगो. तो मंग पाळीवर पाय ठेवून ठेवून पाहे. गारवा लागला का तिथंच त्याची माय ये."

माझ्या हातातलं घड्याळ चालत राहिलं आणि मी सेकंद मोजायचे विसरलो. आयुष्यात पहिल्यांदा.

"म्हणजे ते सोंग होतं?"

"मले का मालूम? मी इचारलं होतं त्याले एकडाव. म्हटलं, खरंच ये का गा माय? तं म्हने, 'बायजा, माय हाय का नाही, मले नाही मालूम. ओल हाय, थे मालूम हाय.'"

बा, हे वाक्य मी तीन दिवस डोक्यात घेऊन फिरतो आहे. तू आमच्या नास्तिकांतलाच होतास, असं म्हणून टाकायचा मोह झाला. खोटं कशाला बोलू? पण तसं म्हणणं म्हणजे तुला माझ्या खिशात घालणं. तुला मालूम नव्हतं, तू मालूम नाही म्हणालास. एवढं स्वच्छ मला कधी जमलं? मला तर सगळंच मालूम होतं.

आता लोक म्हणतील, बघा, जुन्या प्रथांमागे शास्त्र असतं! मला हे वाक्य सहन होत नाही. विंचू चावल्यावर मंत्र टाकण्यामागे कोणतं शास्त्र होतं? तुझी बहीण त्यातच गेली. प्रथांमागे शास्त्र नसतं. या एका प्रथेमागे माती होती, आणि ती माती कुठे लागते ते पाहणारा एक माणूस होता. मी माय नाही हे सिद्ध करायला गेलो आणि माणूस उठवून लावला. माय नाही म्हटल्यावर पाळीकडे आता कोण पाहणार, हा पुढचा प्रश्न मला सुचलाच नाही. एकोणीस वर्षं सुचला नाही! आपलं घर टेकडीवर ना.

आज सकाळी तुझा पुतण्या पुंडलिक चार माणसं घेऊन दुकानात आला. मायची पूजा आता तोच करतो. मी बाटल्या दाखवल्या, आतून माती आणि बाहेरून वाळूच्या गोण्या कशा लावायच्या ते कागदावर काढून दाखवलं. तीनशे टोपली दोन दिवसांत पडली तर पाळ थांबेल, म्हणालो.

"पानी गढूळ हाय का तुई नजर?" पुंडलिक म्हणाला. बाकीचे हसले. मग त्यानं आवाज उतरवला. "हे पाय मोरू, माय कोपली हाय. टोपली कोनं बंद केली, साऱ्यायले मालूम हाय. तू येऊन नारळ फोड, नाक घास, चुकलं म्हन. सारा गाव टोपलं घेऊन येते."

"अन् नाही फोडला तर?"

"तं तू जान अन् माय जाने."

"खाली सत्तावीस घरं आहेत, पुंडलिक. त्यांना आजच्या आज वर शाळेत तरी हलवा."

"कोनाच्या शब्दावर? आमी बोल्लो तं मायची आन घेऊन बोलतो. तू कोनाची आन घेशीन? तुया तं वर कोनीच नाही. अन् तुयं घर टेकडीवर. तुले का जाते बोलाले?"

मी बाटल्या उचलून पुन्हा खिडकीत लावल्या. नास्तिक म्हणजे काय, यावर मी दोन तास बोलू शकतो. पण ज्याला कुणाची शपथ नाही, त्याच्या शब्दावर माणसानं लेकरं उचलून घराबाहेर का पडावं? त्याला काय तारण?

दुपारी जेवताना सुमनला सांगितलं. तुझी सून अजून तशीच आहे, वाढताना बोलत नाही, वाढून झाल्यावर एकच वाक्य बोलते.

"फोडा ना मग एक नारळ. तुमच्या लेखी तो नुसता नारळच हाय ना? मंग त्याले भेता काहून?"

अर्धा तास विचार केला, बा. एकशे अठरा माणसांपुढे माझं नाक ते काय! घासलं तर झिजेल. पण नारळ फोडला आणि पाळ थांबली, तर गाव काय शिकेल? नारळानं थांबली. पुढच्या मिरगाला नारळ येईल, त्याच्या पुढे कोंबडं येईल, माती येणार नाही. मागे मी मायबरोबर माती घालवली. आता मातीशिवायची माय आणून बसवू? तुझ्या मायच्या पायाखाली निदान ओल होती.

सुमनला म्हणालो, "माझी गादी गुंडाळ."

कुठे ते तिला कळलं असावं, कारण गुंडाळताना तिचे हात थांबत होते.

आता चार वाजले आहेत. हे मी बायजा काकीच्या ओसरीवर बसून लिहितो आहे. काकीला आणि तिच्या दोन शेळ्यांना आपल्या घरी पाठवलं. जाताना म्हातारी मला म्हणाली, "बापावर गेला शेवटी, आडमुठा!" गुरुजींकडून शाळेची पितळी घंटा मागून आणली आणि दारात टांगली. धार मनगटाएवढी झाली की घंटा वाजवायची, हे सत्तावीसही घरांत सांगून आलो. आठ घरांनी सामान बांधायला घेतलं आहे. एकोणीस घरांनी दार लोटलं. वर पाळीवर माणसं उभी आहेत, खाली माझ्याकडे पाहताहेत. धारेचा आवाज सकाळी ऐकू येत नव्हता. आता लिहिताना येतो आहे. आणि पवनीकडून आभाळ काळं होत येतंय.

मी भ्यालो आहे. हेही लिहून ठेवतो.

तुझी तेरवी मी केली नाही, त्याचं मला आजही काही वाटत नाही. पण त्या पाळीवर तुझ्यापुढे मूठ धरली, त्याची माफी मी तुला जिवंतपणी मागू शकत होतो. बारा वर्षं आपण बांबूच्या एकाच ताटव्याच्या दोन बाजूंना निजलो! आता माफी ऐकायला तू नाहीस, म्हणून ज्यांच्यादेखत तुझा अपमान केला त्यांच्याचसमोर मागेन. उद्या सकाळी आठला गावाची सभा पाळीवर आहे. माझं पहिलं वाक्य ठरलं आहे: "माझा बाप तुमची पाळ राखत होता, त्याला मी तिथून उठवलं." दुसरं वाक्य, "माय नाही, हे मी आजही म्हणतो." ते ऐकून निम्मे उठून जातील. जाऊ देत. उरतील त्यांना माती कुठे टाकायची ते दाखवीन.

आणि बा, तुला वचन देतो. पाळीवर माती पडून धार पुन्हा नितळ होईपर्यंत मी ही ओसरी सोडून घरी जाणार नाही. वर राखणारं कुणी नाही, असं मीच सांगत आलो ना? मग खाली कुणीतरी जागं बसायला हवं.

तुझा,
मोरू