न निघालेली माता

माय, तुले जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवून पाहा लागते, अन् पाह्यला तरी येत नाही. पण यंदा आपल्या घरात तुझंच नाव निघून राह्यलं होतं, तेही भांडणात. म्हणून लिहायला बसलो. सातवीतून शाळा सोडलेल्या माणसाचं अक्षर हाय, सांभाळून वाच.

मी सध्या सुरतेत हाय, कपड्याले रंग चढवतात त्या कारखान्यात. त्याच्या आधी पुण्यात होतो, त्याच्या आधी हैदराबादले. या पोट्ट्याचं बूड एका जागी टेकत नाही, असं तू म्हणायची म्हणे. अजून टेकलं नाही. मधात एक रोग आला, साऱ्या दुनियेतच आला. माणसानं माणसाजवळ जायचं नाही, तोंडाले फडकं बांधायचं. कारखाने बंद पडले, मंग हळूहळू उघडले. गावाकडं आपल्या गल्लीतले दोघं गेले, बापाच्या, आबाच्या बरोबरीचे, रोज पारावर बसणारे. आणि एक दिवस खानावळीत जेवता जेवता टीव्हीवर बातमी आली की लस मंजूर झाली. आम्ही ताटं वाजवली. एकजण म्हणे, "सुटलो रे बाबा!" मलेही तसंच वाटलं, की मंजूर झाली म्हणजे झालंच आता. पण लस मंजूर होणं वेगळं अन् आपल्या आबानं बाही वर करणं वेगळं.

आधी डॉक्टर-नर्सचा नंबर लागला, मंग म्हाताऱ्यांचा. आपल्या गावी, अमडापुरात, शाळेत लस देणं सुरू झालं. आशाताई आबाले बोलवायला दारात आली, त आबानं तिले पाणी देलं, बसायला देलं, अन् नाही म्हणून सांगितलं. मी फोन केला.

"काऊन नाही घेत आबा?"

"माही मर्जी."

"मर्जी कशाची? सारे घेऊन राह्यले."

मंग म्हणे, "तुह्या मायले सुईच देली होती. दवाखान्यातून परत येताना गेली ती. माह्या मांडीवर."

मी फोन ठेवला. आपल्या घरात तू कशी गेली ते कधी कोणी बोललंच नव्हतं. मले आठवते ती एक जीप, चिखलीच्या रस्त्याची धूळ, अन् मले शेजारच्या घरी बसवून देलेलं. बस इतकंच. कारखान्यातून सुट्टी मागितली, साहेब म्हणे मिळत नाही, तरी निघालो.

घरी पोहोचलो त आबा ओट्यावर तुरी निवडत बसलेला. मी काही बोलायच्या आतच म्हणे, "सुईचं काढायचं नाही. जेवायचं असन त जेव." चार दिवस मी रोज काढलं, अन् चार दिवस आबानं रोज हेच म्हणलं. शेवटी मी मेहकरच्या मावशीले फोन लावला. तुही बहीण आता पार वाकली, पण जबान तशीच हाय. तिनं पहिली लस घेतली होती. दुसऱ्या दिवशी बसनं आली, पिशवी खाली ठेवली, अन् पाणीही न पिता सुरू झाली.

"भाऊजी, शाळेत काऊन गेले नाही?"

"तुमच्या बहिणीचं काय झालं ते माहीत नाही का तुम्हाले?"

"मले सांगता?" मावशीचा आवाज चढला. "आठ दिस ताप होता तिच्या अंगात. तुम्ही म्हणे उतरते, म्या म्हणलं उतरते, सारे म्हणे उतरते. सुईनं नाही नेलं तिले भाऊजी. सुई उशिरा भेटली."

आबाचा हात तुरीतच थांबला. मले वाटलं आता हा मावशीले घराबाहेर काढतो. मावशीलेही तसंच वाटलं असन, कारण तिनं पदरानं तोंड पुसलं अन् एकदम दुसरंच काढलं. "अन् सुईचं म्हणाल, त तिले कधी सुईचा राग नव्हता. ते माता आली होती ना याच्या अंगात, पाच वर्षांचा होता तेव्हा? ते आठवते का?"

मले आठवते, माय. ते तर सारंच आठवते. दाराले कडुनिंबाचा डगळा बांधलेला हाय. घरात फोडणी नाही, तेल नाही, नुसतं वरण अन् भात. मी खाटेवर उड्या मारून राह्यलो अन् ओरडून राह्यलो, फोडणीचं दे, फोडणीचं दे. तू चुलीपासून उठून येते अन् डोळे वटारून म्हणते, "गप पड! माता हाय तुह्या अंगात." माता म्हणलं की अंगभर फोड निघा लागतात, माझ्या अंगावर एक नाही. शेजारीण डोकावून म्हणते, "दिसत त नाही वं काही." तू म्हणते, "मधातच हाय. निघाली नाही अजून."

मावशी म्हणे, "कायची माता! नर्सबाई गावात आली होती. तुम्ही म्हणलं होतं पोराले टोचायचं नाही, कोण्या पोराच्या दंडाले गाठ झाली होती म्हणून. तुम्ही वावरात गेले, तिनं याले नेलं अन् टोचून आणलं. संध्याकाळी हा तापला. आता तुम्हाले काय सांगावं? बांधला डगळा दाराले."

"अन् ताप?"

"ताप दुसऱ्याच दिवशी उतरला. पण माता म्हणल्यावर पाच दिस पाळा लागते ना. बसली तीही पाच दिस अळणी खात. मले म्हणे, बाई, फसली वं मी."

आबा मावशीकडं पाहत राह्यला. "पाच दिस म्या दाढी नव्हती केली," म्हणे. "देवीले दहीभात देला. नारळ फोडलं."

"फोडलं त फोडलं. देवीले काय नारळ जड झालं?"

मंग आबाचे खांदे हालायला लागले. मले वाटलं रडते. हासत होता, माय, आवाज न करता, दुपट्ट्यानं डोळे पुसत. "लबाड बाई," म्हणे. थोड्या वेळानं परत म्हणे, "लय लबाड बाई." इतक्या वर्षांत तुझ्याबद्दल हासताना मी त्याले पहिल्यांदा पाह्यलं. मंग उठला अन् मले म्हणे, "टोपी दे बे माही."

शाळेत चौथीच्या वर्गात टेबल मांडला होता. आशाताई म्हणे, "काका, बाही वर करा. मुंगी चावल्यासारखं होईन."

"लाल मुंगी का काळी?"

"काळी, काळी."

"मंग चालते."

टोचल्यावर अर्धा घंटा बाकावर बसवलं. आबा सारखा स्वतःचाच हात धरून नाडी पाहत होता. संध्याकाळी अंग तापलं, गोळी देली, घोंगडी टाकली. मी उशाशी बसलो होतो अन् घडीघडी त्याच्या कपाळाले हात लावून पाहत होतो, कारण याले काही झालं असतं त मीच नेलं होतं. सकाळी जाग आली त खाट रिकामी. धावत बाहेर आलो. आबा ओट्यावर, बाही खांद्यापर्यंत गुंडाळलेली, अन् समोर गल्लीतले तिघं. "पाहा, काही नाही. थोडं अंग कणकणते, बस," म्हणे. मी सुरतेले परतल्यावर दुसऱ्या सुईले तो त्या तिघांनाही घेऊन गेला. मले फोन करून सांगितलं अन् विचारलं, "तू घेतली का बे?"

"हाव," म्हणलं मी.

इथं आता आमच्या वयाच्या पोट्ट्यांनाही भेटून राह्यली. संध्याकाळी खानावळीत परत गर्दी असते, लोक खेटून बसतात, अन् एखादा खोकलला तरी कोणी ताट उचलून पळत नाही. आबा परत पारावर बसते. हे सारं तू पाहायले पाहिजे होतं.

हा कागद कोणत्या डब्यात टाकायचा ते मले माहीत नाही. घडी घालून पेटीत ठेवतो. फक्त एक गोष्ट. आबाले "हाव" म्हणलं तेव्हा मी घेतली नव्हती. दोनदा रांगेत लागलो अन् दोन्हीदा नंबर जवळ येताच निघून आलो, कारण सुईनंच तुले नेलं असं आबाले वाटत होतं, तेच मलेही आतून वाटत होतं, त्याच्या त्या फोनपासून. काल तिसऱ्यांदा गेलो. घेतली. दंड दुखून राह्यला, म्हणून शेवटच्या ओळी वाकड्या आल्या. आबाले सांगू नको.