न्हाणीच्या दाराशी म्हटलेली ओळ

रत्नागिरी, शुक्रवार, ५ डिसेंबर २००३

आज मुंबईहून परतलो. लघवीला गेलं की सुमनचं डोकं फुटायला येतं, छाती धडधडते. दोनदा तर न्हाणीतच कोसळली. इथले सगळे डॉक्टर पित्तच म्हणाले. तेव्हापासून मी दाराबाहेर उभा राहून शाळेतल्या कवितेची अर्धी ओळ म्हणतो, ती आतून पुरी करते. ओळ पुरी झाली की समजायचं, बायको शुद्धीवर आहे.

मुंबईत किरणोत्सर्गी आयोडीनचं इंजेक्शन दिलं, दुसऱ्या दिवशी फोटो. औषध लघवीत उतरतं आणि मूत्राशयात गाठ असली तर फोटोत ती झाकून टाकतं, म्हणून फोटोच्या आधी लघवी करून या म्हणाले. नेमकं तेच! त्या परक्या दाराशी मी ओळ म्हटली. आत शांतता. मग बऱ्याच वेळाने, "अहो, हळू म्हणा, लोक हसतील." ओळ मात्र अर्धीच राहिली.

डॉक्टरांनी फोटो मला एकट्याला दाखवला. मूत्राशयात काळा डाग. दुर्मीळ गाठ, पण काढता आली असती. दुसरा डाग कण्यात, म्हणजे पसरलेली. तो कशाला हवा होता? सुमनला मी एकच सांगितला. चूक केली का?

संध्याकाळी न्हाणीशी उभा राहिलो, तर आतून तिनेच ओळ सुरू केली. "आज तुम्ही पुरी करा."

गुरुजींनी घोटून घेतलेली ओळ. मला आठवेचना.

आतून आवाज आला, "अहो, डाग दोन आहेत ना?"