बालआरोग्यदूत पदातून मुलीस मुक्त करणेबाबत

प्रति,
मा. आरोग्य अधिकारी,
नगरपालिका कार्यालय.

विषय : माझ्या मुलीस बालआरोग्यदूत पदातून मुक्त करणेबाबत.
संदर्भ : आपले पुरस्काराचे अभिनंदनपत्र.

महोदय,

मी खालच्या वस्तीत केस कापण्याचे दुकान चालवतो. मुलांच्या हातून वस्तीचे आरोग्य सुधारण्याच्या आपल्या योजनेत माझ्या मुलीला (इयत्ता पाचवी) टोपी, शिट्टी आणि वरील पद मिळाले. पोरीचे पाय जमिनीला लागेनात. नखे वाढली म्हणून तिने सख्ख्या आजोबांवरही शिट्टी फुंकली.

आपल्या कार्यालयातील बाईंनी मुलांना पाण्याची तपासणी शिकवली. आमच्या एकुलत्या एका नळाचा पाइप गटारातून येत असे. मुलीने ते पाणी तपासले, ते दूषित निघाले, तिने तशी तक्रार दिली. आता पाइप बदलणार म्हणून आम्ही टाळ्या वाजवल्या. पुढच्याच आठवड्यात आपली माणसे येऊन नळ काढून घेऊन गेली. दूषित नळ बंद झाला, सबब तक्रार निकाली निघाली, असे चौकशीअंती समजले.

तेव्हापासून आम्ही कारखान्यामागच्या डबक्यातले पाणी उकळून पितो. बिनपाण्याची हजामत आजवर नुसती बोलण्यात होती, आता दुकानात आहे. धाकटा मुलगा जुलाबांनी दवाखान्यात पडून आहे. डॉक्टर म्हणतात, स्वच्छ पाणी पाजा. शेजारीण तोंडावर म्हणते, “तुमच्या पोरीनं आमचा नळ घालवला.” मुलगीही तेच धरून बसली आहे. उकळलेले पाणी भावासाठी झाकून ठेवते आणि स्वतःला तहानच नाही म्हणते. बाप म्हणून मला हे बघवत नाही.

अशात आपले पत्र आले. या सहामाहीत नळाच्या पाण्याबद्दल आमच्या वस्तीतून एकही नवी तक्रार नाही, म्हणून माझी मुलगी सर्वोत्कृष्ट बालआरोग्यदूत ठरली आहे. नळच नाही, तर तक्रार कशाची करणार, साहेब?

नळाची आशा मी सोडली आहे, तो मागतही नाही. तिला पदातून मोकळे करावे आणि नळ तिच्यामुळे गेला नाही, एवढे उद्याच्या समारंभात आपण तिला सांगावे. माझे ती ऐकत नाही. टोपी देणाऱ्यांचे ऐकेल.

पुरस्कार म्हणून पाण्याची बाटली मिळणार असे पत्रात आहे. ती कृपया भरून द्यावी. मुलगी ती लगेच भावासाठी झाकून ठेवील, म्हणून त्यातले दोन घोट तिने आपल्यासमोरच प्यावेत, असा हुकूम आपण द्यावा.

आपला विश्वासू राहिलो नाही, तरी नम्र,
(सही)
बालआरोग्यदूताचा बाप

दिनांक : समारंभाचा आदला दिवस
सोबत : शिट्टी. (टोपी तिने दवाखान्यात भावाच्या डोक्यावर घातली आहे, ती काढवली नाही.)