एका गाईसाठी बारा गाईंचा गोठा

९ नोव्हेंबर
गोठ्याच्या कामाची नोंद हवी. पुढे लोक विचारायला येतील. जुना गोठा सकाळीच पाडला. जागा मोकळी झाली की विचारही मोकळा होतो. बांधकाम खात्यात एकतीस वर्षं काढलीत. आवक-जावकला होतो, पण नकाशे माझ्याच टेबलावरून गेले. विमलाने विचारलं, आता तांबूला बांधू कुठे? तांबू तिची गाय, वासरू असल्यापासून तिनेच वाढवलेली. गाभण आहे, सातवा लागलाय. म्हटलं, आठ दिवसांचा प्रश्न. फणसाखाली बांधली.

१५ नोव्हेंबर
यूट्यूबवर एकोणीस व्हिडिओ पाहिले. मुख्य प्रश्न: दोन रांगांत बारा गाई तोंडाला तोंड करून बांधायच्या की शेपटीला शेपटी? विमला म्हणाली, गाय एक आहे, तिची शेपटी कोणाला लावताय? बायकोला व्हिजन नाही.

२२ नोव्हेंबर
वाडीत बिबट्या येऊन गेला. शेजारच्या रावजीच्या अंगणात पावलं उमटलीत. रावजी आला आणि तांबूचं दावं सोडून तिला आपल्या गोठ्यात घेऊन गेला. म्हणाला, अण्णा, तुमचा नकाशा होईस्तोवर राहू दे आमच्यात. त्याचा गोठा म्हणजे चिऱ्याच्या चार भिंती नि कौलं. व्हेंटिलेशन शून्य. तात्पुरता चालेल.

६ डिसेंबर
गुहागरकडची एक शेड पाहून आलो. वीस गाई, पंखे. फायनल: मुक्त गोठा. गाय बांधायचीच नाही, मोकळी हिंडू द्यायची. गंगाराम गवंड्याला नकाशा दाखवला. त्याने आधी उलटा धरला, मग सुलटा. म्हणाला, हॉल झक्कास, लग्नांना भाड्याने द्याल काय?

१९ डिसेंबर
मुक्त गोठा रद्द. गाय मोकळी आणि बिबट्याही मोकळा, ही तांत्रिक अडचण. परत तोंडाला तोंड. गंगारामने चुन्याने आखणी केली, तिसऱ्या बदलानंतर चुन्याची फक्की तिथेच टाकून दुसऱ्या कामाला गेला. म्हणाला, तुमचं ठरलं की फोन मारा.
बेजबाबदार माणूस.

४ जानेवारी
तांबूला नववा लागला. विमला दिवसभर रावजीकडे, गाईचं आंबोण भिजवून चारणंही तिकडेच. जेवताना तिला विचारलं, गोठा पूर्व-पश्चिम बरा की दक्षिणोत्तर? म्हणाली, वीस तारखेच्या आत छप्पर दिसलं नाही तर गाय रावजीला देऊन टाकीन. आवाज चढला नाही, भांडी आपटली नाहीत. म्हणजे गंभीर नसावं.

१९ जानेवारी
पूर्व-पश्चिम नक्की.
संध्याकाळी वाऱ्याचा विचार केला. दक्षिणोत्तर.

२७ जानेवारी
तांबू व्यायली. पाडी झाली. रावजीच्या त्याच अंधाऱ्या गोठ्यात. वाडीत सर्वांत शेवटी मला कळलं, छपराच्या पत्र्यांची तुलना करत होतो. विमला दुपारी परतली, हातपाय धुतले. म्हणाली, दावं रावजीच्या बायकोच्या हातात दिलं. विचारलं, एवढी घाई कशाला, पत्रा जवळजवळ ठरलाय. ती आत निघून गेली.

२९ जानेवारी
गाय व्यायली की शेजारी खरवस वाटायची पद्धत. रावजीची बायको डबा घेऊन आली. म्हणाली, अण्णा, आमच्या तांबूचा. विमलाने हसून डबा घेतला. रिकामा परत देऊ नये म्हणून त्यात मूठभर साखर घातली. पाडी दूध ओढते ना, एवढंच विचारलं.
खरवसात वेलची जरा जास्त. मी दोन वड्या खाल्ल्या.
विमलाची वडी बशीत तशीच आहे.