रचलेली लाकडं मोडवत नाहीत

ती. अक्का,

धाकट्याचा तुझ्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार. गुडघा कसा आहे? दाजींना अजून ऐकू येत नाही, की ऐकायचंच नाही, तेही कळव. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. (हे वाक्य वरच्या बाजूला लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. खरं काय ते खाली येईलच.)

गेल्या थंडीत वखारवाल्यानं मला ओली लाकडं विकली, ते तुला आठवत असेल. घरात ऊब कमी आणि धूर जास्त. सासूबाईंची छाती मुळातच नाजूक. त्या महिनाभर खोकल्या आणि शेवटी मेहुण्याकडे निघून गेल्या. म्हणून यंदा तुझ्या भावजयीनं आधीच बजावलं, की आई परत आपल्याकडे येते आहे. घर उबदार ठेवता आलं नाही तर तिला मी भावाकडे पोचवीन आणि या खेपेला मीही तिथंच राहीन. मीही ताठ्यात सांगून बसलो, यंदा काडीसुद्धा विकत आणणार नाही आणि घर मात्र भट्टीसारखं तापवीन.

माझ्या कानांचं तुला काय सांगायचं? त्यांच्यावरच तर पोट भरलं. लांबून पंपाचा आवाज ऐकून बिघाड सांगणारा हमाल, म्हणून मालकानं मला हमालीतून उचलून दुरुस्तीला बसवलं, आणि आज माझं स्वतःचं दुरुस्तीचं दुकान आहे. तेच कान मी लाकडांना लावले. कुठं पहार पडली की दुकानात बसून मला कळायचं, जुनी चौकट निघते आहे. खिळा उपटल्याचं किरकिरणं आलं की समजायचं, कुणीतरी खोकं फोडतंय. लगेच हातगाडी घेऊन मी हजर! मोडक्या खुर्च्या, वादळात पडलेल्या फांद्या, एका कुजक्या होडीच्या त्यातल्या त्यात धड फळ्या, बंद पडलेल्या नाट्यगृहाच्या पायऱ्या, जे मिळेल ते. प्रत्येक तुकडा दुसऱ्यावर आपटून बघायचा. ओलं लाकूड जेवून आडव्या झालेल्या माणसासारखं नुसतं ‘हं’ म्हणतं. वाळलेलं टणकन उलट उत्तर देतं. (समोरचा शिंपी म्हणाला, “काय शेठ, लाकडांची नाडी बघताय?” म्हटलं, “हो, आणि तुझी ती कापड बेतायची मोडकी फळी शेवटच्या घटका मोजतेय.” दिली बिचाऱ्यानं.)

आणि मग ते रचणं! अक्का, त्यात काय सुख आहे ते मला या वयात कळलं. दुपारी गिऱ्हाईक जरा ओसरलं की मी मागच्या पडवीत. वाकड्याला वाकडं मिळवायचं, खुर्चीच्या पायांत फांदी, फांदीच्या कुशीत फळी. असं करत करत रास या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरली आणि वर वाशांना टेकली. समोर स्टूल टाकून बसलं की कलतं ऊन एकेका थरावरून सरकताना दिसतं. लाकडं वाळताना बोलतात, हे तुला ठाऊक आहे का? एखादं ‘टिक’ म्हणतं, मग बराच वेळ सगळी गप्प, मग पार दुसऱ्या टोकाकडून कुणीतरी सावकाश उत्तर देतं. डोळे मिटले की मी त्या होडीत बसलेला असतो, आणि होडी नाट्यगृहाच्या पायऱ्या चढत हळूहळू वर निघालेली असते. वल्ही मारणारं कुणी नाही, घाई कुणालाच नाही. एकदा एक गिऱ्हाईक हाका मारमारून निघून गेलं, मला ऐकू आलं नाही. मला!

मग सासूबाई आल्या आणि त्यांच्या मागोमाग थंडी. तुझी भावजय म्हणाली, “अहो, शेगडी आणा आता आत.” मी ऐटीत पडवीत गेलो आणि तिथंच खांबासारखा उभा राहिलो. उन्हाळा लागला की आम्ही लोखंडी शेगडी तिच्या धुराड्यासकट पडवीच्या आतल्या कोपऱ्यात ठेवतो. आणि रचायला घेतलं तेव्हा पहिला थर मी तिलाच टेकवून लावला होता. (मागे इतका भक्कम आधार मिळाला म्हणून स्वतःवर खूशही झालो होतो.) जिच्यासाठी एवढं रचलं, तिलाच चिणून टाकलं की गं!

“तू बघितलं नव्हतंस?” मी भावजयीला विचारलं.

“पहिल्याच दिवशी बघितलं. सांगायला आले तर म्हणालात, गप्प, लाकूड ऐकू दे.”

एवढं बोलून तिनं बाह्या सरसावल्या आणि खालची एक फांदी ओढली. सगळी रास झोपेत कूस बदलल्यासारखी कण्हली आणि पुढे झुकली. जिथल्या तिथं ती फांदी परत कोंबली तेव्हा आम्ही वाचलो. वरून उतरवायला घ्यावं, तर रोज मी शिडीवर चढतो, एक फळी हातात घेतो, ती किती सुरेख बसली होती ते बघतो आणि परत ठेवतो. सासूबाई गोधडीत गुरफटून समोर बसलेल्या असतात. म्हणतात, “जावईबापू, रचलंय मात्र देखणं. नुसतं बघूनच घाम फुटतो.” मी हसतो. पण कालपासून त्यांना खोकला सुरू झालाय. दोन भिंतींपलीकडून मला तो ऐकू येतो, कोरडा, टणक. अशा वेळी कान जरा कमी असते तर बरं झालं असतं, असं वाटतं. भावजयीनं माळ्यावरून बॅग खाली काढली आहे.

बाकी सारं ठीक. दाजींना नमस्कार सांग, मोठ्यानं.

तुझा,
धाकटा

ता. क. तुमच्याकडे एक जुनी शेगडी पडून आहे ना? तेवढी लगोलग पाठव. खरं म्हणजे पत्र तेवढ्यासाठीच.

दुसरा ता. क. भावजयीनं पत्र वाचलं. म्हणते, शेगडी इकडे कशाला आणायची? आपणच अक्कांकडे जाऊ, त्यांचं घर आयतं उबदार आहे. बॅगेत तिनं आत्ताच माझे लोकरी मोजे टाकले, त्यावरून मलाही नेणार असं दिसतं. सासूबाईंनी गोधडी बांधलीसुद्धा. तेव्हा आम्ही तिघं येतोय, थंडी सरेपर्यंत.

शेवटचा ता. क. तुमच्या जळणावर आमचा भार नको, म्हणून गाडीभर लाकडं पुढे पाठवली आहेत. वखारीतून घेतली, पण एकेक वाजवून घेतली. घरची रचलेली कशाला मोडायची?